तीन मिनिटांचा परिचय

आमच्या इथल्या मराठी मंडळात गेली पंधरा वर्षं सूत्रसंचालन मी करते. मला कुणी नेमलेलं नाही. पहिल्या वर्षी ज्या बाईंचं ठरलं होतं त्यांचा घसा बसला, आणि त्यानंतर माझ्या हातातला माइक कुणी परत मागितला नाही. प्रमुख पाहुण्यांचा परिचय हा माझा हातखंडा. पाहुणा डॉक्टर असो, गायक असो की मसाल्यांचा व्यापारी, मी जन्मगावापासून सुरुवात करते. नवरा म्हणतो, तुझा परिचय संपेपर्यंत पाहुणा घरी जायचा विचार करायला लागतो. तो मागच्या रांगेत बसून जेवणाच्या वासावर लक्ष ठेवून असतो, त्यामुळे त्याच्या मताला मी किंमत देत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे.

आम्ही सिअॅटलच्या उत्तरेला राहतो, बॉथेलच्या थोडं पुढे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचंय. शेजारच्या घरात एक बाई राहते, बायोटेकमध्ये संशोधक. आई गेल्यावर तिने वडिलांना आपल्याकडे आणलं. वडील त्र्याऐंशीचे, उंच, ताठ, युरोपच्या पार उत्तरेकडचे. त्यांच्या देशाचंही नाव सांगत नाही. तिकडे देश मोजून पाच आणि प्रत्येकात सगळे सगळ्यांना ओळखतात, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

ते आले त्या आठवड्यात मी पुरणपोळ्या घेऊन गेले. त्यांनी दारातच ताट घेतलं, थँक यू म्हटलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊला ताट परत आलं. घासलेलं, पुसलेलं आणि रिकामं. रिकामं ताट! साखरेचा दाणासुद्धा नाही वर. माझी आई असती तर तिने त्या घराशी बोलणं टाकलं असतं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि म्हणाले, "काल सांगायचं राहिलं. पोळी चांगली होती." एवढं बोलायला त्यांनी अख्खा दिवस घेतला होता. मला माणूस आवडला. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, त्यांनी मान हलवली. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. इथे लिहिताना मी त्यांना मला 'तू' म्हणू दिलंय, वयाने तेवढा हक्क त्यांचा आहेच.

काकांचं चरित्र मी वर्षभर खणून काढलं. खणूनच, कारण आपण होऊन ते काही सांगत नसत.

"तुम्ही काय करत होतात?"

"शहराचा आराखडा."

"कुठल्या?"

"आमच्या."

अशा गतीने मला कळलं की त्यांचे वडील फेरीबोटीवर तिकिटं फाडायचे. काका शिकून नगररचनाकार झाले आणि तिशीतच एका बंदराच्या शहराची वाढ कुठे आणि कशी व्हावी हे ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांची पद्धत साधी होती. पहिला बर्फ पडला की ते सकाळी मैदानांमधून, बागांमधून हिंडायचे आणि पावलांचे ठसे बघायचे. लोक जिथून चालले असतील, तिथेच उन्हाळ्यात पायवाट बांधायची. "लोकांना रस्ता माहीत असतो," ते म्हणाले, "आपण फक्त दगड टाकायचे." पुढे ते नगरपरिषदेचे अध्यक्ष झाले. आणि पुढे मंत्री.

मी चहा खाली ठेवला. "मंत्री? खरेखुरे?"

"गृहनिर्माण. पाच वर्षं."

"मग गाडी, बंगला?"

"सायकल होती. ऑफिसची."

राजीनामा त्यांनी का दिला तेही ऐका. संसदेत एक आकडा चुकीचा सांगितला म्हणून. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. यांनीच दुसऱ्या दिवशी उभं राहून चूक सांगितली आणि सायकल परत केली. मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ जेवायचाच थांबला. मग म्हणाला, "अगं, हा माणूस आपल्याकडे नगरसेवकाच्या तिकिटालासुद्धा उभा राहू शकला नसता."

तर असा हा माणूस, आणि त्याची सगळी अडचण म्हणजे एक रस्ता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चौपदरी रस्ता आहे. पलीकडे लायब्ररी. घरून सात मिनिटांचं अंतर. काका रोज सकाळी तिथे चालत जायचे, पेपर वाचायचे आणि चालत यायचे. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी ना सिग्नल, ना झेब्रा क्रॉसिंग. पहिला सिग्नल मैलभर लांब, आणि तिथवर जायला फुटपाथसुद्धा नाही. इथल्या लोकांच्या मते चालणारा माणूस म्हणजे ज्याची गाडी बंद पडली आहे असा माणूस. दोनदा गाड्यांनी करकचून ब्रेक मारले. तिसऱ्या वेळी पोलिसाने काकांना गाडीत घालून घरी आणून सोडलं आणि त्यांच्या मुलीला विचारलं की यांना घरचा पत्ता आठवतो ना. शहरं वसवलेल्या माणसाला!

मुलगी घाबरली. तिचंही बरोबर होतं, ती दिवसभर लॅबमध्ये. तिने स्पष्ट सांगितलं, "डॅड, या वर्षी तिथे क्रॉसिंग झालं तर तुम्ही इथे राहा. नाही झालं तर सप्टेंबरपासून वृद्धाश्रम. जागा बघून ठेवली आहे." तो आश्रम दीड तास लांब होता. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी गराजमधून घडीची खुर्ची काढली, वही घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसले.

दोन आठवडे ते तिथे बसत होते, सकाळी आणि संध्याकाळी. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसाची रेघ. बसमधून उतरून घरकामाला येणाऱ्या बायका, शाळेची पोरं, भारतातून आलेले आई-वडील, जे सूनबाई ऑफिसला गेल्यावर लायब्ररीत जाऊन बसतात. ऊन वाढलं की मी ताक नेऊन द्यायचे. वहीच्या पानांवर पानं रेघांनी भरत होती. शेवटी त्यांनी सगळं एका कागदावर उतरवलं, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "इथे बर्फ पुरेसा पडत नाही. म्हणून मोजावं लागलं."

सिटी कौन्सिलची सभा मंगळवारी संध्याकाळी होती. त्या वर्षी एकाच क्रॉसिंगचे पैसे होते आणि जागा दोन: आमची गल्ली, किंवा नव्या सुपरमार्केटच्या पार्किंगसमोर. मत द्यायच्या आधी कुणाही रहिवाशाला बोलता येतं, तीन मिनिटं. मुलीला त्या दिवशी यायला जमत नव्हतं, म्हणून काकांना घेऊन मी गेले. कांजीवरम नेसून गेले, कारण मंत्र्यांबरोबर जायचं होतं.

दारात बोलणाऱ्यांनी चिठ्ठी भरायची होती. मी एकाच चिठ्ठीवर दोघांची नावं लिहिली. आपण लग्नाच्या अहेरावर लिहितो तशी.

"तू पण बोलणार?" काकांनी विचारलं.

"फक्त तुमची ओळख करून देते. त्यांना कळायला नको का, कोण बोलतंय ते?"

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट."

त्यांना काही ते पटलं नाही. पण ते म्हणाले, "बरं." मला आजवर वाटत आलंय की त्यांनी तेव्हा 'नको' म्हणायला हवं होतं. जन्मभर स्पष्ट बोललेला माणूस, आणि नेमका माझ्याच बाबतीत त्याला भीड पडली.

आमचं नाव पुकारलं. आम्ही दोघं पुढे गेलो, मी माइक जरा खाली ओढला आणि सुरू झाले. "सन्माननीय महापौर, सदस्यगण आणि उपस्थित बंधुभगिनींनो." त्या सभेत याआधी कुणी कुणाला बंधुभगिनी म्हटलं नसावं, सगळे मान वर करून बघायला लागले. मला स्फुरण चढलं. उत्तरेच्या थंड समुद्रकाठी, एका फेरीबोटीवरच्या तिकीट फाडणाऱ्याच्या घरी, इथून सुरुवात केली. बालपण घेतलं. शिक्षण घेतलं. बर्फातली पावलं घेतली, आणि देवाशपथ सांगते, ती मी इतकी छान घेतली की एका सदस्याने पेन खाली ठेवलं. समोर टेबलावर एक हिरवा दिवा होता, तो पिवळा झाला. मला वाटलं माइकचा असेल. मंत्रिपद घेतलं. सायकल घेतली, लोक हसले. राजीनाम्यापाशी आले, आवाज थोडा खाली आणला, आणि म्हणाले, "अशा या व्यक्तिमत्त्वाला मी आता विनंती करते की त्यांनी..."

दिवा लाल झाला आणि काहीतरी पीं करून वाजलं.

"थँक यू," महापौरबाई म्हणाल्या. "तुमची तीन मिनिटं झाली."

मी म्हटलं, "नाही नाही, ही तर फक्त ओळख होती. बोलणार ते आहेत."

त्यांनी चिठ्ठी बघितली. एक चिठ्ठी, तीन मिनिटं. बाई भली होती. तिने डावीउजवीकडे बघितलं आणि म्हणाली, "कुणाची हरकत नसेल तर या गृहस्थांना आपण एक मिनिट देऊ."

कुणाचीच हरकत नव्हती. हरकत काकांची होती. ते माइकपाशी वाकले आणि म्हणाले, "नको. नियम आहे." मागे अकरा जण आपली पाळी यायची वाट बघत होते. काका वळले आणि जागेवर जाऊन बसले. मी तिथेच उभी, कांजीवरमसकट.

पुढे चर्चा झाली. एक सदस्य म्हणाला, त्या लायब्ररीच्या बाजूला कुणी चालतं तरी का? आपल्याकडे तर काहीच माहिती नाही. माझ्या शेजारी काका ताठ बसले होते आणि माहिती त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मी त्यांना कोपराने ढोसलं. ते हलले नाहीत. मी स्वतः हात वर केला, तर कारकुनाने बोट ओठांवर ठेवलं. क्रॉसिंग सुपरमार्केटला गेलं. सभा संपल्यावर तो कागद मी काकांकडून मागून घेतला आणि कारकुनाकडे दिला. त्याने त्यावर शिक्का मारला आणि म्हणाला, पुढच्या वर्षीच्या फाइलला लावतो.

परतताना गाडीत मी भडकले. लाज वाटत होती, म्हणून जास्तच भडकले. "ती बाई देत होती ना मिनिट! तुम्हाला काय गरज होती हरिश्चंद्र व्हायची? घ्यायचं की!" त्यांना हरिश्चंद्र कोण ते ठाऊक नव्हतं, आणि परिचय करून द्यायची माझी त्या दिवशी हिंमत नव्हती. ते खिडकीबाहेर बघत राहिले. घर आल्यावर उतरताना म्हणाले, "बोट सुटताना वडील शिट्टी वाजवायचे, ते राहिलं तुझ्या भाषणात." मी गराजचं दार बंद करून गाडीतच बसले आणि ढसाढसा रडले. नवरा आला, शेजारच्या सीटवर बसला, आणि त्याने पहिल्यांदाच माझ्या परिचयाबद्दल काही विनोद केला नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण किती गंभीर आहे.

सप्टेंबर आला. शनिवारी सकाळी काकांच्या दोन बॅगा आणि पुस्तकांचे खोके मुलीने गाडीत ठेवले. मी आणि नवरा निरोप द्यायला गेलो. मी डबा केला होता. ती खिडक्या लावायला आत गेली तेव्हा मी म्हटलं, "काका, हे माझ्यामुळे झालं."

आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. छे गं, असं काय बोलतेस, म्हणायचं असतं. मी ते ऐकायला उभी होते.

"हो," काका म्हणाले. "तुझ्यामुळे झालं."

मी डबा त्यांच्यापुढे केला.

"मी अध्यक्ष असताना मोठ्या रस्त्याची सुनावणी होती," ते म्हणाले. "एक म्हातारी बोलायला आली. रस्ता तिच्या घरावरून जायचा होता. नवऱ्याने घर कसं बांधलं, तिथून तिने सुरुवात केली. मुद्द्यावर यायच्या आत तिची वेळ संपली. मी घंटा वाजवली. ती काय म्हणणार आहे ते मला माहीत होतं, तरी वाजवली."

"मग?"

"मग रस्ता झाला. चांगला रस्ता आहे." त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला. "मी तिची वेळ घाईने घेतली. तू माझी कौतुकाने घेतलीस. घर दोघांचं गेलं."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते फक्त सांगत होते. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, दाबला, आणि गाडीत बसले.

गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली. त्यांना डावीकडे वळायचं होतं, आणि इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्याशिवाय सुटका नव्हती. आणि थांबत कुणीच नव्हतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागच्या काचेतून काकांचं पांढरं डोकं दिसत होतं. ते डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते, पुन्हा डावीकडे. रोज सकाळी तिथे उभे राहून बघायचे, तसेच.

मला ते बघवेना. मी चपलांनिशी धावत सुटले. नवरा मागून ओरडला, "अगं, वेडी आहेस का!" मी सरळ रस्त्यात उतरले, मधोमध जाऊन उभी राहिले आणि दोन्ही बाजूंना दोन हात वर केले. "थांबा!" मी मराठीतच ओरडले. एक ट्रक करकचत थांबला. मागच्याने हॉर्न दाबला. मी हात खाली घेतले नाहीत. चारही पदर थांबले.

मुलीने गाडी हळूच बाहेर काढली. माझ्या अगदी जवळून वळताना काकांनी काचेतून माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला. त्यांना अच्छा करायला माझा एकही हात मोकळा नव्हता.