शिरगणतीतली पाच माणसं

सरक गं, अशी माझ्याजवळ बस. पिरनवाडीहून अनगोळला यायला तुला वर्ष लागतं, आणि आलीस की गाडीची किल्ली हातातच! ठेव ती खाली. तुझ्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या माहेरचं सांगते.

माझी आई निपाणीकडच्या खेड्यातली. गावात पटकीची साथ आली तेव्हा ती शाहापुरात आत्याकडं होती, म्हणून वाचली. तिचे आई-बाप आणि पाळण्यातला भाऊ गेले. थोरली बहीण राहिली म्हणे; पुढं तिचं काय झालं, कुणी सांगितलं न्हाय. पितृपक्षात आई तिघांची पानं वाढायची आणि बहिणीच्या पानाशी अडायची. जित्या माणसाचं पान वाढलं तर त्याचं आयुष्य तुटतं, अशी आमच्यात समजूत. जाताना मला म्हणाली, "आक्काचं काय झालं तेवढं बघ गं."

गेल्या उन्हाळ्यात गेले त्या गावी. पूर्वी शिरगणती करणाऱ्या मास्तरांच्या घरी त्यांच्या हातच्या नकला ट्रंकेत पडून होत्या. मास्तरांची सून म्हणाली, "बघा की आज्जी, वाळवीनं ठेवलंय तेवढं तुमचं!"

साथीआधीच्या वहीत आमच्या घरची पाच माणसं. नंतरच्या वहीतही पाचच! मेलेले आई-बाप वय वाढवून बसलेले. शाहापुरातली माझी आईही तिथंच. आणि पाळण्यातल्या मामापुढं लिहिलेलं, "शाळेत जातो."

वह्या घेऊन आईच्या घराशेजारच्या म्हातारीकडं गेले. विचारलं तर ती हसली. "व्हय, माझी सासू सांगायची. पोरगी एकटीच हुती. मास्तर मोजायला आला की पाच ताटं मांडून बसायची. घरातलं माणूस न्हाय, असं तोंडानं म्हणायचं नसतंय न्हवं? शेतात गेल्यात म्हणायची. मास्तर तरी काय करणार, लिहून घ्यायचा."

मलाही हसू आलं. मग तिसरी वही उघडली. परत पाच. मामाचं लग्न झालेलं. माझ्या आईपुढं, "विवाहित. मागावर साडी विणते."

ती ओळ मी परत वाचली बघ. आईचं लग्न शाहापुरात झालं, माग ती सासरी शिकली. गावाकडं ना आवतण गेलं, ना सांगावा.

"तवा मावशी इथंच होती?" मी विचारलं.

"छे गं! मी नांदायला आले तवाच दाराला गंजलेलं कुलूप हुतं."

"मग मास्तरांना हे सांगितलं कुणी?"

म्हातारी माझ्याकडं बघेना. "उंबऱ्यावर बसून लिहीत हुता त्यो. मान हलवायचा, लिहायचा. मी बघितलंय. आतनं कोण बोलत हुतं, ते मला ऐकू आलं न्हाय."

त्या घराच्या जागेवर आता ऊस उभा आहे. वारं नसताना लई सळसळतो. मी फार थांबले न्हाय.

पितृपक्ष जवळ आलाय. तिघांची पानं मी वाढीन. मावशीचं वाढायला हात धजत न्हाय, आणि ती गेली असेल तर इतकी वर्षं उपाशी आहे, हेही सोसत न्हाय. त्या दिवशी तू सकाळीच ये बाई. स्वयंपाक मी करते, तू नुसती माझ्याशेजारी उभी राहा.