काठाचा लाल दोरा

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आमच्या ओट्यावर चौघं हजर होतो: खालच्या खोलीतली आमची शेजारीण, तिची लेक, माझी बायको आणि मी. रक्कम नव्याण्णव रुपये, मोबाइलवर जोडीदार शोधायच्या अ‍ॅपची महिन्याची फी. लेकीनंच ती आईसाठी भरली आणि विचारलं, "आई, तुझ्याबद्दल काय लिहू?"

"डाव्या कानानं ऐकू येत नाही, लिही."

"पहिल्या ओळीतच कान?" माझी बायको म्हणाली. "अहो ताई, निदान चहा तरी होऊ द्या!"

"दोरा आधी बांधलेला बरा, वहिनी."

पांडेसऱ्याच्या कापडगिरण्यांमधल्या आमच्या गल्लीला हे वाक्य पाठ होतं. ती मिलमध्ये कापड तपासायची. टेबलावरून कापडाचा ताका सरकत असतो. डाग किंवा तुटका धागा दिसला, की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. घेणाऱ्याला आधीच कळतं. ही सवय तिच्याबरोबर घरी आली होती. तिनं पाठवलेल्या भाजीच्या डब्याला लाल दोरा दिसला, की आम्ही समजायचो, मीठ जास्त पडलंय.

मूळची धुळ्याकडची. वय सत्तेचाळीस. लूमच्या खडखडाटात कान गेला, मग नवरा गेला, आणि लेक सासरी गेल्यापासून खोलीत एकटी. "टीव्हीशी किती बोलू, भाऊ? तो उत्तरच देत नाही," असं हसत म्हणायची. हसून झालं, की लगेच उठून जायची.

तर अ‍ॅपवर कान आला, मशेरी आली, राग आला की आठवडाभर अबोला धरते हेही आलं. आपल्यापैकी कुणी आपली अशी जाहिरात केली असती, सांगा. मी तर मुलगी बघायला गेलो तेव्हा चष्मासुद्धा खिशात ठेवला होता.

होळीपर्यंत पाच भेटी झाल्या. पहिल्याचा फोटो जुना निघाला. "फोटोत केस होते, भाऊ. बागेत नुसतं डोकं आलं." पाचही जण तिच्या डावीकडे बसून तासभर बोलत, आणि ही मान वळवून वळवून दमून येई.

मी हिशेबी माणूस. म्हणालो, "ताई, रिक्षाभाडं आणि सुट्टीचे रविवार धरले, तर हे परवडत नाही."

"पाच परत पाठवले म्हणून टेबल बंद करू का?" ती म्हणाली.

मग सहाव्याचा मजकूर आला. तिनं तो आम्हाला दोनदा वाचून दाखवला. 'भेस्तानला पिठाची गिरणी. बायको वारली. वरचे दात बसवलेले. घोरतो. पाहुणे आले की गप्प बसतो.'

"दोरे बांधून आलाय," ती हळूच म्हणाली. आणि पहिल्यांदा घाबरली. घाबरली की ती अहिराणीत बोले. "तुमले काय वाटस, भाऊ? जाऊ का?"

आम्ही दोघं तिच्याबरोबर बागेत गेलो, मागच्या बाकावर बसलो. ती नेहमीसारखी बाकाच्या उजव्या टोकाला बसली. तसं मुद्दाम बसायची का, हे मी कधी विचारलं नाही. मोकळी जागा डावीकडेच होती.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, पण कानामागे पीठ राहिलेलं. मोकळ्या जागेकडे बघून तो तसाच उभा राहिला.

"जरा तिकडं सरकता का?"

"का?"

"मी या बाजूनं बसतो. त्या कानानं तुम्हाला ऐकू येत नाही ना."

ती सरकली. बायकोनं माझा हात घट्ट धरला. ती ओळ आधीच्या पाचांनीही वाचली होती. सगळे डावीकडेच बसले होते. रिक्षाभाड्याची माझी बेरीज मला फार क्षुल्लक वाटली. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्याशा पडद्यावरून, हा माणूस तिला सापडला होता. आपलं वैगुण्य तिनं पहिल्या ओळीत लिहिलं होतं, म्हणूनच सापडला होता.

वैशाखात दोघांनी लग्न केलं. ती भेस्तानला गेली. खाली तिच्या खोलीला कुलूप आहे, टीव्हीचा आवाज नाही. तिचं कपाट आम्ही घेतलं. मी दोन हजार देत होतो. खालचा खण अडकतो म्हणून तिनं पाचशे सोडले. पंधराशे रुपये मी तिच्या हातात दिले. खणाच्या कडीला तिनं बांधलेला लाल दोरा माझी बायको सोडू देत नाही.