उतारावरची मोटारसायकल

त्या हेडमास्तराला मी एकदाच भेटलो, आणि तेवढं पुरे झालं. माझी लेक चाकाच्या खुर्चीवर बसते. चौथी झाली म्हणून किनवटकडच्या आमच्या गावातल्याच मोठ्या शाळेत तिचं नाव घालायला गेलो होतो.

गडी एकदम टापटीप. बोलता बोलता रुमालानं मोटारसायकलची सीट पुसत होता. पोटच्या पोराचं नाकही कुणी इतक्या मायेनं पुसत नसेल. लेकीकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. तिचं नाव, तिचं वय, सगळं मलाच विचारलं, ती तिथं नसल्यासारखं.

"नांदेडच्या निवासी शाळेत टाका की हिला, भाऊ," तो म्हणाला. "तिथं हिच्यासारख्याच पोरी हायत. मन रमल तिचं. आमच्याकडं सोय न्हाई."

सोय होती. वर्गाच्या दारापर्यंत सिमेंटचा उतार होता, कठड्यासकट. भिंतीवर खुर्चीचं चित्र असलेली निळी पाटीसुद्धा होती. आणि त्याच उतारावर, छपराच्या सावलीत, साहेबांची मोटारसायकल आडवी उभी होती.

लेक म्हणाली, "सर, तुमची गाडी इथून चढती, मग माझी बी चढल की."

तेव्हा कुठं त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"खाली ऊन लई हाय, बाळा," तो समजावून सांगू लागला. "सीट तापती."

एवढ्याशा पोरीनं आई सोडून नांदेडला जाऊन राहावं, हे त्याला चालत होतं. सीटनं अंगणात उभं राहावं, हे मात्र चालत नव्हतं.