शेवटची कॉमेंट्री आणि माझा उजवा डोळा

“रेटिनल डिटॅचमेंट,” डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी सोप्या शब्दांत समजावलं, “डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. ओल आली की भिंतीवरचा कागद सुटतो ना, तसा. कधीपासून कमी दिसतंय?”

“चार दिवस,” मी म्हणालो.

खरं म्हणजे तीन आठवडे झाले होते. आधी काजळीसारखे ठिपके तरंगायचे, मग नाकाच्या बाजूने काळी सावली सरकू लागली. जयपूरच्या विमा कचेरीतली माझी बढती तोंडावर आली होती, म्हणून मी घरीसुद्धा बोललो नाही.

तिथल्याच मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. त्या काळी अशा ऑपरेशननंतर दोन्ही डोळे बांधून ठेवत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं तेही जपून. सुशीला, माझी बायको, चमच्याने पेज भरवायची.

रविवारी तिने शेजाऱ्यांचा ट्रान्झिस्टर आणून उशाशी ठेवला. मी कामठीचा, फुटबॉलच्या गावचा. बारा वर्षं ज्यांच्या आवाजात मी सामने पाहिले, त्या कॉमेंटेटरांचा तो शेवटचा सामना होता. वारा कुठून येतोय, चिखलात चेंडू कुठे अडला, कोण बुटाची नाडी बांधायला वाकलाय, सगळं ते सांगायचे. गोल झाला की क्षणभर थांबून लोकांचा आरडाओरडा ऐकू द्यायचे.

शेजारच्या खाटेवर जवळच्या बगरू गावचे, कापडावर ठशांनी छपाई करणारे एक काका होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. त्यांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. मध्यंतरात म्हणाले, “बाबूजी, पट्टी में भी सब दिख रहा है मुझे तो!”

सामना संपला. कॉमेंटेटरांनी निकाल सांगितला. मग म्हणाले, “साल भर से खिलाड़ियों के नंबर साफ़ नहीं दिखते. साथी कान में बताते रहे. आज दो बार ग़लत नाम बोल गया. ग़लत बोलने से अच्छा है, चुप हो जाऊँ. नमस्कार.”

डॉक्टरांनी रडायची मनाई केली होती. तरी पट्टी भिजली.

दोन दिवस माझ्या उजव्या डोळ्यात, बंद पापणीआड, विजेसारखं चमकत होतं. पुन्हा ऑपरेशन म्हणतील, या भीतीने मी तेही दडवलं होतं.

“सुशीला, डॉक्टरांना बोलाव,” मी म्हणालो. “आत्ता.”

त्यांनी पट्टी सोडून बराच वेळ पाहिलं. रेटिनल टेअर, म्हणजे पडद्याला बारीक चीर होती. “दोन दिवस गप्प बसलात?” ते संतापले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चीर डागून बंद केली. उजवा डोळा वाचला.

डावा वाचला नाही. पट्ट्या निघाल्या त्या दिवशी सुशीलाने माझ्या उजव्या डोळ्यावर हात धरला. “अहो, मी दिसते?”

“नाही,” मी म्हणालो. तिने हात लगेच काढला नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला असे ठिपके दिसत असतील, सावली दिसत असेल, तर त्याच दिवशी सांगा. नोकरी वाट पाहते. डोळा पाहत नाही.

घरी आल्यावर मी कॉमेंटेटरसाहेबांना पत्र सांगितलं, सुशीलाने लिहून घेतलं. मनात पानभर होतं. त्यांचे सामने, त्यांची हिंदी, किती काय. सांगता आलं ते एवढंच: “तुम्ही खरं सांगून गप्प झालात, म्हणून मी बोललो. माझा एक डोळा शाबूत आहे.”

“पुढे?” तिने विचारलं.

“नमस्कार लिही,” मी म्हणालो.