मागच्या भिंतीवरची काजळी

निवृत्त झाल्यावर वडिलांनी शनिवार पेठेतली भाड्याची जागा सोडली आणि लोणी काळभोरला छोटा बंगला बांधला. शुद्ध हवा हवी होती म्हणे. मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हिंजवडीत, दिवसभर कॉम्प्युटरसमोर; रविवारी तेवढा जायचो. आईला त्या गावात एकच माणूस होतं, मागच्या घरातली बाई. ती सकाळी परसात चूल पेटवून अंघोळीचं पाणी तापवायची, आई कुंपणाच्या भिंतीशी उभी राहायची. पाणी उकळायला लागलं तरी दोघींचं बोलणं संपायचं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंती काळ्या पडू लागल्या. रंग दिला, पुन्हा काळ्या. हा चुलीचा धूर, असं वडिलांनी ठरवूनच टाकलं. पुढचं फाटकसुद्धा काळं झालंय, हे मी दाखवलं.

"वारा नावाची गोष्ट असते," ते म्हणाले.

उभा जन्म पेठेत काढलेला माणूस, तोंडानं सांगायला कशाला जाईल? त्यांनी पाटी रंगवून आणली आणि कुंपणावर चुलीच्या बाजूनं ठोकली: 'धूर आपल्या घरात ठेवावा. भिंत आमची आहे.' मला हसू आलं. ऑफिसात सांगितलं, तिथंही सगळे हसले.

त्या बाईनं पाटी वाचली. आईला म्हणाली, "आमची चूल नडती व्हय? तसं सांगायचं की वो, काकू." आणि चूल घराच्या पलीकडच्या अंगाला नेली. भांडण नाही, काही नाही. पण परसात यायचं तिला कारणच उरलं नाही.

भिंती काळ्या होतच राहिल्या. पाटीही झाली. शेवटी मी ऑफिसात इंटरनेटवर शोधलं. गावाजवळ दारूचा कारखाना आहे. तिथं मुरत पडलेल्या दारूची वाफ हवेत जाते, आणि त्या वाफेवर पोसणारी एक बुरशी आसपासच्या भिंतींवर, झाडांवर चढते. दिसायला अगदी काजळी. थेंबालाही कधी न शिवलेल्या वडिलांनी हे ऐकून भिंतीवर बोट घासलं आणि वास घेऊन पाहिला. मग पाटी काढली आणि त्या बाईच्या घरी गेले.

"असू द्या वो. च्या घ्या," ती म्हणाली.

चहा झाला. चूल मात्र तिथंच राहिली. वर पत्रे घातले होते, शेजारी सरपण रचलं होतं. ते सगळं पुन्हा कोण हलवणार?

आई काही दिवस सवयीनं भिंतीपर्यंत जाऊन यायची, मग तेही सुटलं. मला फोन करायची आणि दोन वाक्यांतच "तुझं काम असेल" म्हणून ठेवून द्यायची. तिनं कुणालाच बोल लावला नाही, ते मला फार लागतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी वडील पुन्हा रंगाचे डबे घेऊन आले.

"अहो, मागची राहू द्या," आई म्हणाली. "तिकडून आता कोण बघतंय?"