गावानं बोलणं टाकलं

माझ्या वडिलांशी गावानं बोलणं टाकलं ते एका अर्ध्या गादीपायी. ऐकणाऱ्याला हसू येतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेवर. गावात पिंजाऱ्याचं एकच घर, मुसलमानाचं. साऱ्या गावाच्या गाद्या न् रजया त्याच्याच हातच्या. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याकडे लग्न होतं. त्यांच्या गाद्यांवरून बोलाचाली झाली आणि पिंजारी उलटून काहीतरी बोलला. काय बोलला, ते ज्यानं त्यानं वेगळंच सांगितलं. संध्याकाळी चावडीवर माणसं जमली आणि ठरलं, की पिंजाऱ्याला काम द्यायचं नाही, त्याच्याबरोबर पाणी भरायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. जो बोलेल त्यालाही तेच. सगळ्यांनी माना डोलावल्या. वडील तेवढे म्हणाले, "माही गादी अर्धी त्याच्याकडं पडली हाये. मले तं जा लागीन बुवा."

लोक हसले. दुसऱ्या दिवशी वडील खरंच गेले, ओट्यावर बसून पिंजाऱ्याशी चार गोष्टी बोलले, आणि त्या दिवसापासून आमचंही घर वाळीत पडलं.

माझे वडील काही शूर नव्हते. घरात साप निघाला तर आईला पुढे करायचे. पण एकदा तोंडून गेलेला शब्द गिळणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. भाऊ म्हणायचा, जाऊन माफी मागा न् मोकळे व्हा. त्यावर ते म्हणायचे, "कोनाशी बोलाव हे का चावडी सांगीन मले?" कोणी सुचवलं, बुलढाण्याच्या कचेरीत अर्ज करा. तर म्हणाले, "साहेब का लोकाईले बोलायले लावीन?"

मला तेव्हा सुलतानपूरला दिलेलं होतं. माहेरी आले की मी ते सगळं बघायची. न्हावी येईना, म्हणून वडील आपली दाढी आपणच करत आणि हनुवटी कापून घेत. आई विहिरीवर गेली की बाया घागरी उचलून बाजूला सरत. शिव्या कोणी देत नव्हतं. शिव्या परवडल्या असत्या, त्यात निदान आपल्याकडे बघावं तरी लागतं. पोळ्याला आमचे बैल तोरणाखाली उभे राहू दिले नाहीत. वडिलांनी शिंगं रंगवली, झुली घातल्या, गळ्यात घागरमाळा बांधल्या आणि घराभोवतीच एक फेरी मारून आणली. आईनं ओवाळलं. बैलांना कुठं काय कळतं, असं वडील म्हणाले खरे, पण त्या दिवशी ते पुरणपोळीला शिवले नाहीत.

मग थंडी पडली. वऱ्हाडची थंडी घोंगडीला दाद देत नाही. ज्यांच्या घरच्या गाद्यांवरून हे सगळं झालं त्यांनाच आधी रजया हव्या झाल्या. पिंजाऱ्याला बोलावणं गेलं. त्यानं पाय धरले म्हणतात, नाही धरले असंही म्हणतात. आठवड्याभरात त्याच्या कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज पुन्हा गावभर घुमायला लागला.

वडील खूश झाले. आता आपलंही संपलं, असं त्यांना वाटलं. ज्याच्याशी बोललो म्हणून गुन्हेगार ठरलो, त्याच्याशी सारं गाव बोलतंय, मग राहिलं काय? दाराशी खाट टाकून ते वाट बघत बसायचे. कोणी आलं नाही. आमचं बंद करायचं चावडीवर ठरलं होतं. उघडायचं कोणी ठरवलंच नव्हतं. आणि पहिलं कोणी बोलायचं? जो बोलेल त्यालाही तेच.

एकदा शेताकडच्या पांदणीत वडिलांना पिंजाऱ्याची गाठ पडली. त्यानं मान खाली घातली. न थांबताच म्हणाला, "दादा, माफ करजा. लेकरंबाळं हायेत." वडिलांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र आजही राग येतो. गरीब माणूस, त्याची काय चूक, असं मीच मला समजावते आणि तरी येतो. त्यानंतर वडील चावडीच्या बाजूनं कधी गेले नाहीत. घरातही बोलेनासे झाले. माणसाला बोलायला लोक लागतात, आणि लोक नसले तर माणूस आतून वाळतो, हे मी डोळ्यांनी बघितलं.

पुढे एका वैशाखात ते आजारी पडले. निरोप आला तशी मी गेले. भावाला जवळ बोलावून ते म्हणाले, "मी मेलो तं माफी मांगू नोको कोनाची. गाडी जुपजो न् नेजो." सकाळीच गेले.

आम्ही रडलो तेव्हा गल्लीतलं एकूण एक माणूस दारात आलं. शपथेवर सांगते, सगळे उभे होते. बाया पदर तोंडाशी धरून रडत होत्या. पण उंबऱ्याबाहेर पाऊल कोणाचं पडेना. जो तो शेजारच्या दाराकडे बघत होता. पिंजारीही आपल्या दारात उभा होता. ऊन चढायला लागलं. तशा उन्हात मयत किती वेळ ठेवणार?

भावानं गाडी जुंपली. मयताच्या ताटीला हात घालणार, तोच थबकला आणि मोठ्यानं ओरडला, "ढोर हाये का माहा बाप, गाडीत घालून न्यायले?" आईनं त्याचा सदरा धरला. "अरे, त्याईनं सांगतलं होतं ना तुले." तो हात सोडवून चावडीकडे गेला. मी मागून धावले.

मोठा शेतकरी तिथंच बसला होता. भावानं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "आमचं चुकलं."

"काय चुकलं?" त्यानं विचारलं. रीत अशी, की चूक आपल्या तोंडानं सांगावी लागते.

भावानं पायांवरचं डोकं उचललं नाही. काय सांगणार होता? विचारणाराही गोंधळला, इकडेतिकडे बघायला लागला. कोणाला काही धड आठवेना. शेवटी मागून कोणी तरी म्हणालं, "चुकलं म्हने ना तो. झालं मंग."

आणि मग सारं गाव लोटलं. खांद्याला चढाओढ लागली. पिंजाऱ्यानं सरणासाठी आपल्या घरचं लाकूड आणलं. ज्या माणसानं माफीचे दोन शब्द काढले नाहीत न् जन्म वाळवला, त्याच्या नावानं माफी मागून झाल्यावर त्याला उचललं. मी ते बघत उभी राहिले. गेलेल्या माणसाला थांबा म्हणता येत नाही.

मसणवट्यातून परतून माणसं आमच्या ओसरीत टेकली. पाणी प्यायली. हळूहळू बोलायला लागली. एकजण म्हणाला, "मले तं केव्हाचंच बोलाव वाटे." दुसरा म्हणाला, "माहं तं मनच लागत नोव्हतं. पन कोनीच बोले ना, मंग मी एकटा कसा?" तिसराही तेच बोलला. मग ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. खोटं कोणी बोलत नव्हतं, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

आत भिंतीला टेकून आई बसली होती. तिच्या हातातल्या बांगड्या मघाशीच फोडल्या होत्या. बाहेरचं सगळं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मंग त्याईच्याशी बोलत कोन नोव्हतं वं, पोरी?"