बिल भरल्याची तारीख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित — बघू.

आमची मुलगी सातव्या महिन्यातच झाली, इथे दुबईत. बायको व्हिजिट व्हिसावर आलेली, बाळंतपणाला इन्शुरन्स नाही. बाळ एकोणीस दिवस काचेच्या पेटीत. बिल बावीस हजार दिरहम, म्हणजे पाच लाख रुपये! हॉस्पिटल म्हणालं, तीन महिन्यांनी भरा, पण पुढच्या तारखेचा चेक ठेवा. माझा पगार कार्डावर यायचा, चेकबुक कुठलं? चेक दिला इक्बालने — आमच्या रत्नागिरीचा, रास अल खोरला गोदामात नोकरीला, माझा जुना रूममेट. "चाचा झालो मी, सहीचं काय घेऊन बसलास?" म्हणाला. तारखेआधी मी त्याच्या खात्यात पैसे टाकायचे, एवढंच ठरलं.

पैसे जमले होते. हे तीन शब्द लिहायला मला नऊ वर्षं लागली. जमलेले पैसे मी गावी पाठवले, घराच्या स्लॅबसाठी. का? तर पावसाआधी स्लॅब पडणार असं गावभर सांगून बसलो होतो. आणि इक्बालला सांगितलं — हॉस्पिटलात थेट भरले, तू निवांत राहा.

चेक बाउन्स झाला. इक्बालने विचारलं, तेव्हा म्हणालो, त्यांनीच चुकून लावला असेल. त्याने मान्य केलं! वसुलीवाल्यांचे फोन मलाच यायचे, कारण फॉर्मवर माझा नंबर होता. फोन पालथा ठेवून मी जेवायचो. पाच महिन्यांनी सगळे पैसे भरले. हॉस्पिटलने पत्र दिलं — पूर्ण रक्कम मिळाली, बाकी काही नाही. त्यात पैसे भरल्याची तारीख.

भरले की मिटलं, असंच वाटतं ना? मलाही वाटलं. बिल मिटलं, पण इक्बालच्या क्रेडिट रिपोर्टात तो चेक तसाच राहिला.

पुढच्या वर्षी त्याला बायको आणि लहानग्या सनाला इकडे आणायचं होतं. ऊद मेथा भागातली शाळाही बघून ठेवली होती. फ्लॅटचं भाडं आगाऊ द्यायचं, म्हणून कर्ज मागितलं. बँकेने नाकारलं. तिथला माणूस म्हणाला, बिल भरल्याचं हॉस्पिटलचं पत्र आणा, मग बघू.

पत्र माझ्या कपाटात होतं. पण त्यातली तारीख त्याने वाचली असती तर? माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. इक्बाल स्वतः हॉस्पिटलात जायला निघाला. मी म्हणालो, तुझी सुट्टी कशाला घालवतोस, मी जातो. गेलो — ऊद मेथापर्यंत. तिथे चहा प्यायलो आणि परत आलो. म्हणालो, देत नाहीत.

तो म्हणाला, "खलास. तू गेलास ना भाई, अजून काय करणार?"

कदाचित पत्र दाखवूनही कर्ज मिळालं नसतं. पण ते कळायची संधीही मी त्याला दिली नाही. सना तिकडे रत्नागिरीतच वाढली. बाप वर्षातून एक महिना भेटतो.

इक्बाल अजून दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. माझी मुलगी इंग्रजीत उत्तरं देते, तो हसतो. गेल्या रविवारी सनासाठी घड्याळ घेऊन आला होता. पट्टा केवढा ठेवायचा, त्याला कळेना. माझ्या मुलीने हात पुढे केला. त्याने तिच्या मनगटावर पट्टा लावून पाहिला, आणि स्वतःशीच म्हणाला, "सना तीन वर्षांनी मोठी... दोन भोकं जास्त धरतो."

पत्र त्याच खोलीत, त्याच्या पाठीमागच्या कपाटात होतं. मी चहा टाकायला उठलो.